जपानमधले उत्सवाचे रथ: ताकायामाला पाहावेत की आओमोरीला?

जपानला जाणाऱ्यांची सुट्टी आणि तिथल्या उत्सवांच्या तारखा क्वचितच जुळतात. ताकायामाची जत्रा १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला भरते, आओमोरीचा नेबुता, म्हणजे आतून उजळणाऱ्या कागदी रथांचा उत्सव, २ ते ७ ऑगस्टला असतो. एरवी हे रथ पाहायचे तर संग्रहालयच गाठावं लागतं. एक गाव मध्य जपानच्या डोंगरात, दुसरं होन्शू बेटाच्या पार उत्तर टोकाला. आठ-दहा दिवसांच्या सहलीत दोन्ही बसवायचं म्हणजे नुसती धावपळ होते, म्हणून एकच निवडावं.

ताकायामाचं संग्रहालय साकुरायामा हाचिमान देवस्थानाच्या आवारातच आहे. शरद ऋतूतल्या जत्रेच्या अकरा रथांपैकी चार रथ इथे एका वेळी ठेवलेले असतात आणि वर्षातून तीनदा ते बदलतात. हे खरे, जत्रेत ओढले जाणारे रथ आहेत, प्रतिकृती नव्हेत. मोठ्या काचेच्या दालनात ते उभे असतात आणि भोवतीची वाट चढत जाते. त्यामुळे आधी चाकं, मग मधला कोरीव मजला आणि शेवटी छत, असं सगळं नजरेच्या पातळीवर येतं. ताकायामाच्या हिदा प्रांतातले सुतार इतके नावाजलेले, की नारा काळापासून (आठवं शतक) कराच्या बदल्यात त्यांना राजधानीत बांधकामाला बोलावलं जाई. ती परंपरा काय चीज आहे, ते इथल्या कोरीवकामातून, लाखेच्या तकाकीतून आणि पितळी पट्ट्यांवरच्या बारीक नक्षीतून समजतं. चाकांकडेही जरूर बघा. रथ कोपऱ्यावर वळवायचा असला की एक जादा चाक खाली सोडतात, रथाची एक बाजू उचलून भार त्यावर घेतात आणि तेवढ्या जागेत अख्खा डोलारा फिरवतात. गावातले रस्ते किती अरुंद आहेत, हे पाहिलं की या युक्तीचं मोल कळतं.

माझं स्पष्ट मत असं, की ताकायामाचे रथ जत्रेपेक्षा संग्रहालयात चांगले दिसतात. जत्रेत ते गर्दीच्या डोक्यांवरून, लांबून पाहावे लागतात. पाऊस आला तर बाहेरच काढत नाहीत, कारण लाख आणि कोरीवकाम भिजवायची कुणाचीच तयारी नसते. कळसूत्री बाहुल्यांच्या करामती मात्र जत्रेतच पाहाव्यात. होतेई या भाग्यदेवाच्या रथावर दोन बालबाहुल्या झोके घेत उड्या मारतात आणि थेट होतेईच्या अंगावर जाऊन बसतात, तो खेळ प्रत्यक्षच बघायला हवा. एप्रिलची जत्रा साधणाऱ्यांना एक वेगळा फायदा आहे: तिचे बारा रथ निराळे, हिए देवस्थानाचे. म्हणजे रस्त्यावर वसंतातले आणि संग्रहालयात शरदातले, असे दोन्हीकडचे रथ एकाच फेरीत पाहून होतात.

आओमोरीचं ‘वा रास्से’ हे संग्रहालय अगदी वेगळं. २०११ साली उघडलेली ही इमारत स्टेशनाला लागूनच आहे. आत अंधार, आणि त्या अंधारात आतून उजळलेले योद्धे, राक्षस, ड्रॅगन. एकेक नेबुता नऊ मीटर रुंद आणि गाडा धरून पाच मीटर उंच. मधे काच नाही, त्यामुळे अगदी जवळ जाता येतं. तारेचा सांगाडा, त्यावर चिकटवलेला जपानी कागद, काळ्या शाईच्या जाड रेषा. काही ठिकाणी कागद जास्त पारदर्शक दिसतो, कारण तिथे मेण लावलेलं असतं. मेणामुळे रंग एकमेकांत फुटत नाहीत आणि उजेडही बाहेर येतो. पूर्वी सांगाडा बांबूचा असे आणि आत मेणबत्त्या जळत.

ताकायामाचे रथ पिढ्यान् पिढ्या जपले जातात. नेबुता मात्र दर वर्षी नवा घडतो आणि नंतर मोडला जातो, आपल्या गणपतीसारखा. शेवटच्या रात्री बक्षीस मिळालेले काही नेबुता होड्यांवर चढवून समुद्रातही नेतात. म्हणून ‘वा रास्से’मध्ये त्या-त्या वर्षीचे चार मोठे नेबुता असतात आणि पुढच्या उत्सवानंतर त्यांच्या जागी नवे येतात. ते घडवणाऱ्या कलाकारांची ओळखही इथे होते. २०१२ साली आसाको कितामुरा या पहिल्या महिला नेबुता-कलाकार म्हणून पुढे आल्या, तोवर हे काम पुरुषांचंच होतं.

इथे मात्र हिशेब उलटा आहे. ढोल, बासरी, ‘रास्सेरा, रास्सेरा’ म्हणत नाचणारे हजारो लोक, यांच्याविना नेबुता अर्धाच. संग्रहालयात ढोल-बासरीचे कार्यक्रम होतात आणि मुलं त्यात रमतात, पण ऑगस्टमध्ये जाणं शक्य असेल तर उत्सवच गाठा. पावसातही नेबुता प्लॅस्टिक पांघरून निघतो, त्यामुळे फेरी सहसा वाया जात नाही.

प्रवासाचं म्हणाल तर नागोयाहून ताकायामाला ‘हिदा’ एक्सप्रेसने साधारण अडीच तास लागतात, तोक्योहून शिन-आओमोरीला शिनकानसेनने तीन तासांहून थोडे जास्त. संग्रहालयाचं तिकीट ताकायामाला साधारण १००० येन, आओमोरीला ६०० च्या आसपास. ताकायामाच्या तिकिटात निक्कोच्या तोशोगू मंदिरसमूहाची एक-दशांश आकाराची लाकडी प्रतिकृतीही पाहता येते. ती चुकवू नका. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या २०१६ च्या यादीत ताकायामा आहे, आओमोरी नाही. पण त्यावरून काही ठरवायची गरज नाही.

लाकूडकामाची, जुन्या गावांची आवड असेल किंवा आई-वडील बरोबर असतील तर ताकायामा. सगळं चालत पाहण्याजोगं आहे, सकाळी मियागावा नदीकाठचा बाजारही होतो. लहान मुलं असतील, किंवा उत्तरेकडे जाणार असालच, तर आओमोरी. मग तिथून गोशोगावाराला एक चक्कर माराच: तिथले ताचिनेपुता, म्हणजे उभे नेबुता, तब्बल २३ मीटर उंच आहेत आणि तिथल्या संग्रहालयात गोल फिरत उतरणाऱ्या वाटेवरून डोक्यापासून पायापर्यंत पाहता येतात.

आणि तोक्यो सोडायला वेळच नसेल तर इकेबुकुरोहून अर्ध्या तासावरच्या कावागोएला जा. तिथलं उत्सव-संग्रहालय छोटं आहे, पण खरे रथ आहेत आणि अर्ध्या दिवसात परत येता येतं.