मॅसी 35 आठ महिने वापरून: इंजिन दमदार, पण हवा घेते

पहिल्या महिन्यात मी भेटेल त्याला सांगत होतो, जुना इम्पोर्टेड ट्रॅक्टर घेऊ नका. त्यातलं अर्धं आता मागे घेतो.

माझी मॅसी फर्ग्युसन 35, तीन सिलिंडर पर्किन्स इंजिनवाली, इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीची. जोडीला घरचाच महिंद्रा 275, त्यामुळे तुलना रोजचीच. ऐन पेरणीत मॅसी तासभर चालायची, मग दम टाकल्यासारखी बंद. फिटरने नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ते) बदलले, नंतर डिझेल पंप उतरवून दुरुस्त करायला लावला, पैसे गेले आणि दुसऱ्या दिवशी परत तेच! शेवटी मीच टॉर्च घेऊन बसलो तर टाकीकडून फीड पंपाला (टाकीतलं डिझेल ओढणारा छोटा पंप) येणाऱ्या नळीच्या नटखाली पितळी रिंग केसाएवढी चिरलेली. चालू असताना तिथून डिझेल बाहेर गळत नाही, कारण पंप तिथून ओढतो, उलट हवाच आत जाते, म्हणून कोणालाच दिसलं नाही. एवढीशी रिंग, आणि पंप उतरवायला लावला, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फीड पंपाचा हातदांडा कधीकधी नुसताच सैल हलतो, डिझेल येतच नाही, तेव्हा पंप खराब समजू नका. पंप चालवणाऱ्या कॅमचा (इंजिनात फिरणारा भाग) उंचवटा नेमका दांड्याखाली आलेला असतो, इंजिन थोडं फिरवा की दांडा पकडतो. मग हे क्रमाने सैल करा: आधी फिल्टरचा स्क्रू, मग डिझेल पंपाचे दोन्ही स्क्रू, शेवटी नोझलचे नट, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत.

स्पेअर मिळत नाहीत असं मी म्हणायचो, ते चुकलं. टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी 1960 ला मॅसीच्याच सहकार्याने चेन्नईत उभी राहिली, त्यांच्या 1035 ट्रॅक्टरचं बरंच सामान हिला चालतं. फक्त जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगून आणू नका.

रिंग बदलल्यापासून नांगराला मॅसी एक नंबर. जमीन कडक लागली की लिफ्ट आपोआप नांगर जरा उचलते, चाक घसरत नाही, महिंद्रापेक्षा मला हिचीच लिफ्ट आवडते. ट्रॉलीला मात्र महिंद्राच. त्याचे ब्रेक तेलातले, हिचे कोरडे ड्रम, मागचं ऑइल सील गळलं की लायनर तेलकट होतात आणि पाय दाबून काही होत नाही. उतारावर भरलेली ट्रॉली हिला मी जोडत नाही, तुम्हीही जोडू नका.