मॅरेथॉनचा १८ आठवड्यांचा तक्ता: पाळून झाल्यावर, आणि बरेच महिने उलटल्यावर

हॅल हिग्डन या अमेरिकी धावपटूचा 'नॉव्हिस १' हा सरावाचा तक्ता धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जवळजवळ प्रत्येकाला माहीत असतो. पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठी तो केलेला आहे आणि नेटवर फुकट मिळतो. मी तो सप्टेंबर २०२४ पासून पाळला आणि १९ जानेवारी २०२५ ला मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पावणेसहा तासांत पूर्ण केले. लगेच लिहिलं नाही, कारण मेडल गळ्यात असताना लिहिलेल्या अनुभवांवर माझा फारसा विश्वास नाही. तेव्हा सगळंच थोर वाटतं. आता पावसाळा सरत आलाय, मेडल कपाटात गेलंय, तेव्हा त्यातलं काय टिकलं ते सांगता येईल.

माझी परिस्थिती आधी सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. वय चव्वेचाळीस, राहायला ठाण्यात, नोकरी बीकेसीत, घरी नवरा, सासूबाई आणि तेव्हा नववीत असलेला मुलगा. त्याआधी दोन-तीन वर्षं हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन, धावत होते. हे महत्त्वाचं आहे. तक्त्याच्या नावात 'नॉव्हिस', म्हणजे 'नवखे', असलं तरी पहिल्याच आठवड्यात साधारण १० किलोमीटरचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, आहे. पाच किलोमीटर न थांबता जमत नसतील तर आधी सहा महिने ते करा, मग इकडे या.

आठवड्याची रचना साधी: चार दिवस धावायचं, एक दिवस सायकल किंवा पोहणं असं काहीतरी वेगळं, दोन दिवस पूर्ण विश्रांती. मुळात लाँग रन शनिवारी आहे, मी तो रविवारी नेला. आकडे मैलांत आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी किलोमीटर करून कागद फ्रिजवर लावला. लाँग रन वाढत वाढत पंधराव्या आठवड्यात २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर जातो आणि तिथून उतरतो. वेगाचे आकडे नाहीत, ट्रॅकवरच्या चकरा नाहीत. इतकं साधं असल्यामुळे पहिल्यांदा वाचताना यात काही दम नाही असंच वाटतं.

दम आहे तो कमी करण्याच्या आठवड्यांत. तिसऱ्या आठवड्यात अंतर उतरतं, सहाव्यात उतरतं, नवव्यात, बाराव्यात. सोळा मैल झाले की पुढच्या रविवारी बाराच. अठरा झाले की चौदा. यामागचं कारण शरीरात आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, दम लागेनासा होतो आणि आपल्याला वाटतं आपण तयार झालो. पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. दम पुढे आणि गुडघे मागे, अशा त्या मधल्या काळात लोक दुखापती करून घेतात. आमच्या ग्रुपमध्ये दर सीझनला दोघं-तिघं नडगी किंवा टाच धरून बसलेले असतात, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यात उत्साही असतात.

माझा स्वभाव असा की सिंकमध्ये दोन भांडी असली तरी झोप लागत नाही. सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त करून दाखवायचं, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. घरात, ऑफिसात, सगळीकडे त्याचं कौतुकच झालं. या तक्त्यात मात्र जास्तीचे गुण नाहीत. १३ किलोमीटर लिहिलेत, तुम्ही २१ केलेत, तर मंगळवारी पाय जड आणि बुधवारचं धावणं बोंबलतं. सुरुवातीचे काही आठवडे बरोबरचे लोक पुढे जायचे आणि मी उपवनच्या तलावाशी थांबून नारळपाणी पीत बसायचे, तेव्हा आतून अगदी चिडचिड व्हायची. पाय म्हणत असतात चल, आणि कागद म्हणतो घरी जा. पाचेक आठवड्यांनी चिडचिड कमी झाली. त्यानंतर एक वेगळीच गोष्ट घडली: बाकीच्या दिवसांतही काम कुठे थांबवायचं ते दिसायला लागलं.

उदाहरण द्यायचं तर भाऊबीज. ३ नोव्हेंबर, रविवार, तक्त्यात १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटर. आदल्या दिवशी पाडवा, त्याच्या आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, त्यामुळे अलीकडे ढकलायला जागाच नव्हती. दरवर्षी भाऊ दुपारी जेवायला येतो आणि मी सकाळी सहापासून ओट्याशी असते. या वेळी त्याला फोन करून सांगितलं, दुपारी नको, रात्री ये, आणि पुरणाचं काही नाही, साधं जेवण आहे. तो "बरं" म्हणाला. बस, एवढंच. मी मात्र त्या फोनसाठी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. सासूबाईंना कसं सांगायचं याचीही तयारी केली होती, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं, मलाही एवढं तळण आता सोसत नाही." घरातली निम्मी कामं कुणी मागितलेली नसतात हे मला त्या दिवशी कळलं. पहाटे फटाक्यांचा धूर इतका होता की रन काही सुखाचा झाला नाही, ते वेगळं.

वेगाबद्दल. तक्ता सांगतो, लाँग रन शर्यतीच्या वेगापेक्षाही हळू करा, चालावंसं वाटलं तर चाला. किती हळू? बोलता येईल इतकं. मी सतराचा पाढा म्हणून बघायचे, मधे धाप लागली तर वेग कमी. उजव्या बाजूने साठीचे काका सर्रकन निघून जातात, कॉलेजची मुलं मागे वळून बघतात, मोबाइलवरच्या धावण्याच्या ॲपमध्ये इतरांचे आकडे दिसतात. मी त्या ॲपमधले सूचनांचे सगळे आवाज बंद केले आणि माझा वेग दुसऱ्यांना दिसणार नाही असं सेटिंग केलं. तक्त्यात लिहिलेलं नाही, पण माझ्या मते पहिल्या आठवड्यातच करण्याची ही गोष्ट आहे.

आता उणिवा. आपल्या हवेचं यात काही नाही, आणि असणारही कसं. ऑक्टोबरमध्ये ठाण्यात सकाळी सहालाही घामाच्या धारा लागतात, त्यामुळे सगळं पहाटे साडेचारवर ओढावं लागतं. बाईमाणसाने त्या वेळी एकटीने धावण्याचा प्रश्न तक्ता सोडवत नाही. मी तिघीजणींचा गट जमवला. तीन हात नाक्याहून हायवेच्या सर्व्हिस रोडने मुलुंड-भांडुप करून परत, हा आमचा ठरलेला मार्ग. कुत्र्यांच्या टोळ्या कुठे असतात ते पाठ झालं. येऊरची चढण पायांना उत्तम, पण उजाडल्याशिवाय तिथे जायचं नाही. ते जंगल बिबट्यांचं आहे.

दुसरी उणीव बुधवार. लाँग रनबद्दल सगळे बोलतात, पण पंधराव्या आठवड्यातला बुधवारचा १६ किलोमीटर हा खरा कस आहे. त्यानंतर डबा, लोकल, ऑफिस, आणि दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवणं. नवऱ्याने बुधवारचा डबा स्वतःकडे घेतला नसता तर हा तक्ता माझ्याकडून झाला नसता. मुलाने सलग कितीतरी बुधवार अंडाभुर्जी-पोळी खाल्ली आणि त्याला काही झालं नाही. तिसरी, पाळीच्या दिवसांचा विचार कुठेच नाही. मी तो आठवडा सरळ हलका करायचे. सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, हे मैत्रिणींना आवर्जून सांगते. चौथी, ताकदीचे व्यायाम यात वेगळे मांडलेले नाहीत. आठवड्यातून दोनदा घरच्या घरी स्क्वॉट आणि पोटऱ्यांचे व्यायाम केले.

खाण्याचं मी रविवारी रविवारी शिकत गेले. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन साधारण तीसेक किलोमीटरच्या आसपास संपत येतं, त्यालाच धावणारे भिंत म्हणतात. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धावता धावता पोटात जायला हवीत. धावताना खायच्या महागड्या, पाकिटातल्या गोड जेलने मला मळमळतं. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि चिक्कीचे छोटे तुकडे चालले. आदल्या रात्री वरणभात. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, त्यामुळे मीठ-साखरेचं पाणी लागतंच.

सगळ्यात अवघड भाग विचाराल तर शेवटचे तीन आठवडे. ३२ किलोमीटरनंतर १२ मैल, मग ८, मग जवळजवळ काहीच नाही. ४२ तुम्ही एकदाही धावलेले नसता, आणि कागद सांगतो की आता झोपा. संक्रांतीच्या आठवड्यात मला नवीन नवीन दुखणी जाणवत होती, सगळी खोटी. घरातली कपाटं आवरायला घेतली, तर नवऱ्याने हात धरून खुर्चीवर बसवलं.

शर्यतीचं थोडक्यात. मध्य रेल्वेने कल्याणहून पहाटे खास लोकल सोडली होती, त्यातले निम्मे लोक छातीवर बिब, म्हणजे शर्यतीचा नंबर, लावूनच बसलेले. पाच वाजता सीएसएमटीहून सुटलो. वांद्रे-वरळी सी-लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, तिथे पूर्व उजळताना बघणं हा पैसा वसूल भाग. परतीला पेडर रोडची चढण येते तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. तिथे मी चालले, न लाजता. फुटपाथवर इमारतींतली माणसं संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभी होती. माझ्या पुढचे अनेक जण, जे हाजी अलीला मला मागे टाकून गेले होते, ते कडेला पोटऱ्या दाबत होते. थोडा आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोला.

आता टिकलं काय ते. वजन उतरलं नाही, उलट फेब्रुवारीत दोन किलो वाढलं, कारण भूक मॅरेथॉनची राहिली आणि धावणं थांबलं. धावल्याने माणूस शांत होतो म्हणतात. माझ्या मुलाला विचारा. पहाटेची सवय एप्रिलच्या उकाड्यात सुटली, जूनमध्ये परत लागली. रात्री साडेनऊनंतरचे ऑफिसचे कॉल मी तेव्हा झोपेसाठी बंद केले होते, ते बंदच आहेत. साहेबांनी एकदा विचारलं, मी सांगितलं, विषय संपला. बुधवारचा डबा अजून नवराच करतो, आता भुर्जीशिवाय दोन भाज्या त्याला येतात. आणि सिंकमध्ये भांडी ठेवून झोपता येतं. रोज नाही, पण येतं.

तर घ्यावा का हा तक्ता? हाफ आरामात होत असेल, घरच्यांशी आधी बोलून बुधवार आणि रविवार मोकळे करता येत असतील, आणि कुणी 'आज एवढंच' म्हटलेलं सोसत असेल, तर जरूर. वेळ सुधारायची असेल, चार-साडेचार तासांचं लक्ष्य असेल तर हा तुमच्यासाठी नाही. हिग्डन यांचेच वरच्या पातळीचे तक्ते आहेत.

यंदा मी फुल करणार नाहीये. मुलाची दहावी आहे. हाफचा तक्ता १२ आठवड्यांचा, म्हणजे जानेवारीतल्या शर्यतीसाठी भाऊबीज उरकल्यावर सुरू केला तरी पुरतो. भावाला रात्रीचंच बोलावलंय.