माझी तेरीज जुळली, त्याच्या वहीत मी थकबाकीदार

हिशोब मी स्वतः लिहितो आणि बरा लिहितो, असा माझा समज होता. महिनाअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) बाकींची यादी, काढायची; दोन्ही बाजू जुळल्या की वही मिटायची. याच समजापायी एका पुरवठादाराने मला आठ महिने झुलवले आणि शेवटी माझ्याच सहीने अडकवले.

पहिल्या बिलाचे आकडेच देतो. यादीभावाने माल 1,00,000 चा, व्यापारी सूट 10 टक्के, म्हणून बिल 90,000 चे. व्यापारी सूट वहीत वेगळी दाखवत नाहीत. मी खरेदी खाते 90,000 ने नावे टाकले, त्याचे खाते जमा. त्याच्याकडे उलट: माझे खाते नावे, विक्री जमा. अट अशी होती, की 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के रोख सूट, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम.

त्यातला काही माल खराब निघाला. सूट वजा जाता 16,200 चा. त्याचा प्रतिनिधी स्वतः आला, माल उलटसुलट करून पाहिला आणि गाडीत घालून घेऊन गेला. "तुम्ही डेबिट नोट फाडा, आमची क्रेडिट नोट येतेच आहे." मी फाडली, म्हणजे परत गेलेल्या मालाची रक्कम तुमच्या बाकीतून वजा केली असे कळवणारा कागद त्याला दिला. त्याचे खाते 16,200 ने नावे, खरेदी परत जमा. राहिले 73,800. नवव्या दिवशी त्यातून 1,476 रोख सूट कापून 72,324 बँकेतून पाठवले. माझ्या खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, त्याची बाकी शून्य.

क्रेडिट नोट काही आली नाही. विचारले की उत्तर ठरलेले, "पुढच्या बिलात वळती करतो." अशी चार बिले झाली, प्रत्येकातला काही माल असाच परत गेला.

डेबिट नोट हा नुसता माझा दावा होता, हे मला कळायला हवे होते. तो मान्य झाल्याचा कागद म्हणजे त्याची क्रेडिट नोट. ती निघेपर्यंत त्याच्या वहीत माल परत आलेलाच नसतो. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने 1494 साली द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहिण्याची) छापून मांडली, तेव्हापासून तेरजेचा भरवसा ज्याच्या त्याच्या वहीपुरताच. समोरचा काय लिहितो ते ती सांगत नाही.

वर्षअखेरीला त्याचे बाकी मान्यतेचे पत्र आले, म्हणजे तुम्ही आमचे इतके देणे लागता हे सहीने मान्य करून घेणारे. दोन नवी बिले फिटायची होती, त्यामुळे बाकी असणारच होती. आकडा एकच, एकत्र. वहीशी न ताडता मी सही ठोकली. ही सही मला सगळ्यात महाग पडली.

नवी बिले फेडल्यावर तगादा सुरू झाला: अजून 58,300 येणे आहेत. पहिल्या बिलापोटी 17,676, म्हणजे परत गेलेल्या मालाचे 16,200 आणि वर ती 1,476 ची सूटही, का तर "बिल 10 दिवसांत पूर्ण फिटलेच नाही". खरे सांगतो, मालापेक्षा त्या सुटीचा राग जास्त आला.

परत आलेल्या मालासाठी विक्रेत्याने विक्री परत नावे, ग्राहक जमा अशी नोंद करायची असते; साठ्याची चालू वही (माल आला-गेला की लगेच साठा बदलणारी) ठेवत असेल तर मूळ खर्चाने साठा नावे, विकलेल्या मालाचा खर्च जमा अशी दुसरीही. विक्री परतीची नोंद त्याने केलीच नव्हती. मग तो माल त्याने वहीत न दाखवता रोखीने विकला असणार, हा माझा कयास; पुरावा नाही.

आता मी माल गाडीत चढण्याआधी परतीच्या चिठ्ठीवर नग, बिल क्रमांक आणि नेणाऱ्याची सही घेतो. क्रेडिट नोट हातात पडेपर्यंत सूट धरून पैसे पाठवत नाही. आधी लेखी विचारतो, की परतीचा माल वजा करून राहिलेल्या रकमेवर सूट मान्य आहे ना. दर महिन्याला पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून ओळ न् ओळ ताडतो. मान्यतेच्या पत्रात फरक दिसला तर सही करण्याऐवजी माझा आकडा आणि फरकाची बिले लिहून पत्र परत पाठवतो. तुम्हीही पाठवा, समोरचा कितीही जुना असो.

चारपैकी एकाच परतीच्या चिठ्ठीवर प्रतिनिधीची सही सापडली. तेवढ्याची क्रेडिट नोट पुरवठादाराने निमूट काढली. उरलेली रक्कम मी भरली. माझ्या वहीत ती नुकसान खात्याला नावे आहे; त्याच्या वहीत जुनी येणी वसूल म्हणून जमा असेल.