मराठी शाळेच्या दुसरीत इंग्रजी: जूनपासून काय वापरलं, काय टिकलं

जूनमध्ये शाळा उघडल्यापासून दुसरीच्या वर्गात इंग्रजीसाठी मी बऱ्याच गोष्टी सलग वापरतेय. हालचालींतून शिकवणं, लोकल ट्रेनचा खेळ, विकतचा फोनिक्स (अक्षरांच्या ध्वनींवरून वाचायला शिकवण्याचा) संच, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी, मोबाइलवरचं एक वाचून घेणारं ॲप, भिंतीवर चिकटवलेली वेष्टनं. आता फेब्रुवारी संपत आलाय, त्यामुळे कौतुक ओसरल्यावर काय उरतं ते नीट दिसतंय. पुढच्या जूनची तयारी करणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

आमची शाळा विक्रोळीतली, मराठी माध्यमाची. मुलं कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइटमधून येतात. घरी इंग्रजी बोलणारं जवळजवळ कुणीच नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी पाचवीत एबीसीडी गिरवायला लागायचो. म्हणजे माझ्या वर्गातले बरेचसे आईवडील स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकलेत. तरीही बँकेत, मॉलमध्ये कुणी इंग्रजीत काही विचारलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, हे त्यांनीच मला सांगितलंय. शब्द पाठ झाले, स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहून झाली, पण कानावर पडणं आणि तोंडातून निघणं राहूनच गेलं. या वर्षी मी जे जे वापरलं, ते या एकाच कसोटीवर तपासलं: यातून मूल बोलतंय का?

सर्वात आधी हालचालींची पद्धत, कारण तिला एक रुपयाही लागत नाही. टोटल फिजिकल रिस्पॉन्स हे तिचं नाव. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९६० च्या दशकात मांडली. लहान मूल आईची भाषा आधी ऐकतं, सांगितलेलं करतं आणि मग कधीतरी बोलतं. दुसरी भाषाही त्याच क्रमाने शिकवा, एवढंच त्याचं म्हणणं. ‘स्टँड अप, सिट डाउन’ आपण सगळेच म्हणतो, पण तिथेच थांबतो. खरी मजा त्याच्या पुढे आहे. ‘टच द विंडो’, ‘वॉक स्लोली टु द डोअर’, ‘पुट युअर बॅग अंडर द बेंच’. पहिले काही दिवस मी बोलायचे आणि स्वतः करूनही दाखवायचे. मग नुसतं बोलायचे. मग शब्दांच्या जोड्या बदलायच्या: ‘पुट युअर बॉटल ऑन युअर हेड’. हे वाक्य त्यांनी आधी कधीच ऐकलेलं नव्हतं, तरी अख्ख्या वर्गाच्या डोक्यावर बाटल्या गेल्या. पाठांतराने हे होत नाही. ‘इन, ऑन, अंडर’ ही तिन्ही माझ्या वर्गाला आता झोपेतून उठवून विचारली तरी चुकत नाहीत.

या पद्धतीचं मोल मला एका मुलामुळे कळलं. गणपतीच्या सुटीपर्यंत तो वर्गात कुणाशी धड मराठीतही बोलत नव्हता. पण सूचना मात्र एकही चुकवायचा नाही, कधी कधी तर सगळ्यांच्या आधी हात वर. मी त्याला बोलायला लावलं नाही. दिवाळीनंतर एके दिवशी ‘आता बाई कोण होणार?’ म्हटल्यावर तो उठून पुढे आला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘एव्हरीबडी, क्लोज युअर आइज.’ वर्गाने डोळे मिटले. मग त्याने पाच-सहा सूचना अशा धडाधड दिल्या, जणू महिनोन्‌महिने साठवून ठेवल्या होत्या. ऐकण्याचा काळ वाया जात नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

उणिवा आहेत. ‘बिकॉज’, ‘येस्टरडे’, ‘आय लाइक’ असलं काही हालचालीतून शिकवता येत नाही. बाकं एकमेकांना खेटलेली असतात, त्यामुळे एका वेळी दोनच रांगा उठवाव्या लागतात. आणि गोंगाट होतोच. शेजारच्या वर्गातल्या बाईंशी आधी बोलून वेळ ठरवून घ्या.

आता ट्रेनचा खेळ. मुंबईत शिकवत असाल तर ही संधी सोडूच नका. लोकलच्या डब्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत स्टेशन सांगतात. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. मुलांनी हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तो सूरसुद्धा जसाच्या तसा येतो. दोन बाकं समोरासमोर ओढायची, खडूने दरवाजा आखायचा, एक मूल उद्घोषक. ‘नेक्स्ट स्टेशन, घाटकोपर.’ ‘नेक्स्ट स्टेशन, विद्याविहार.’ प्रत्येकाच्या हातात कुठे उतरायचं त्याची चिठ्ठी. सुरुवातीला एवढंच होतं. पण डब्यातले रीतिरिवाज मुलांना मोठ्यांइतकेच ठाऊक असतात. एकाने विचारलं, ‘बाई, दादर उतरणार का, हे इंग्लिशमध्ये कसं विचारायचं?’ फळ्यावर ‘आर यू गेटिंग ऑफ ॲट दादर?’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ‘चौथ्या सीटसाठी सरका’ (तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा द्या) हवं होतं, तिथे ‘प्लीज मूव्ह अ लिटल’ आलं. वाक्यं मागून घेणारी मुलं होती, मी फक्त पुरवत होते.

मग डब्यात विक्रेते शिरले. एक मुलगी घरून क्लिपा, रबरबँड आणि पिनांचा पुठ्ठा घेऊन आली आणि लेडीज डबा सुरू झाला. ‘हाउ मच?’ ‘वन क्लिप, ट्वेल्व्ह. टू क्लिप्स, ट्वेंटी.’ समोरची म्हणाली, ‘टू क्लिप्स, फिफ्टीन.’ विक्रेतीने पुठ्ठा काखेत मारला, दोन पावलं पुढे गेली, मान वळवून म्हणाली, ‘एटीन. लास्ट.’ सौदा झाला. यातलं ‘लास्ट’ मी शिकवलेलं नव्हतं. संख्या, अनेकवचन, प्रश्न विचारणं, नकार देणं, सगळं एका क्लिपेवरून झालं. ज्या मुलांना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक पुस्तकातून कळत नव्हता, त्यांना खोटे पैसे जास्त द्यावे लागल्यावर तो लगेच ऐकू यायला लागला.

फोनिक्सबद्दल मत थोडं मिश्र आहे. पद्धत उत्तम, विकतचा संच सुमार. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४, म्हणून अक्षरांची नावं पाठ करून वाचता येत नाही, ध्वनी शिकावे लागतात. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात केली की लगेच सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप असे शब्द वाचता येतात आणि मुलाला आठवड्याभरात ‘मला वाचता येतं’ असं वाटायला लागतं. देवनागरी शिकलेल्या मुलाला अक्षर म्हणजे आवाज ही कल्पना नवी नसते, हा आपल्या मुलांचा मोठा फायदा आहे. कॅटमधला ॲ आणि हॉटमधला ऑ मराठीच्या बाराखडीबरोबर आता शिकवतोच. झेडचा आवाज ‘जहाज’मधल्या ज च्या जवळचा आहे, एवढं सांगितलं की काम सोपं होतं. अडतं ते व्ही आणि डब्ल्यूपाशी. त्यासाठी छोटे हातातले आरसे आणले. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर दिसले पाहिजेत, ‘वेट’ म्हणताना ओठांचा चंबू. मुलं आरशात बघून एकमेकांना दुरुस्त करतात, मला बोलावं लागत नाही.

पण संच बनवणाऱ्यांनी आयसाठी इग्लू काढलाय. विक्रोळीतल्या सात वर्षांच्या मुलाने इग्लू कुठे पाहायचा? मी त्यावर इडलीचं चित्र चिकटवलं, ध्वनी तोच आणि चित्र ओळखीचं. पुठ्ठा इतका पातळ की जुलैच्या दमट हवेत कार्डांच्या कडा वळल्या. शिवाय अर्धी कार्डं फक्त कॅपिटल अक्षरांची, तर पुस्तकात भेटतात ती बहुतेक स्मॉल. एवढे पैसे देण्यापेक्षा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड कार्डशीट आणा, स्वतः लिहा आणि लॅमिनेशन करून घ्या. आणि ‘द’, ‘सेड’, ‘वॉज’, ‘वन’ हे शब्द ध्वनी जोडून वाचता येत नाहीत, ते चेहऱ्याने ओळखायचे शब्द म्हणून वेगळ्या रंगात ठेवा, नाहीतर मुलांचा नियमावरचा विश्वासच उडतो.

सगळ्यांत जास्त फळ मिळालं गोष्टींमधून. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे. पुस्तकं मोफत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली, आणि खुल्या परवान्याखाली असल्यामुळे छापायला, भाषांतर करायला मुभा. एकच गोष्ट मराठीतही सापडते आणि इंग्रजीतही, हे मला फार मोलाचं वाटतं. मी पहिल्या दिवशी मराठीत वाचते. मुलं हसतात, पुढे काय होणार ते भांडून सांगतात. दुसऱ्या दिवशी तीच चित्रं, तीच गोष्ट, इंग्रजीत. अर्थ डोक्यात असल्यामुळे कान फक्त शब्दांकडे लागतो. परत परत येणाऱ्या ओळीपाशी मी थांबते आणि वर्ग ती ओळ पूर्ण करतो. मराठी वापरली तर इंग्रजी कच्चं राहतं असं मानणारे पालक आणि काही सहकारीही भेटतात. माझ्या वर्गात नेमकं उलट घडलंय. जी गोष्ट आधी मराठीत रंगली, तिचीच इंग्रजी वाक्यं मुलांच्या तोंडी राहिली. जी मी थेट इंग्रजीत वाचली ती दोन पानांत विरली.

दोन्ही भाषांतली पुस्तिका शनिवारी घरी जाते. एका मुलाची आजी दर सोमवारी गेटवर थांबून ‘या वेळची गोष्ट बरी होती’ किंवा ‘ही नाही आवडली’ असं सांगते. नातू तिला इंग्रजी वाचून दाखवतो, ती त्याला मराठी वाचून दाखवते. घरी इंग्रजी येणारं कुणी नाही ही अडचण पुस्तकं गेल्यापासून निम्मी झाली, कारण घरच्यांना शिकवायचं नाहीये, नुसतं शेजारी बसून ऐकायचंय.

जानेवारीत मुलांनी स्वतःची पुस्तकं केली. एका पानावर चित्र आणि एक वाक्य. ‘माय बाबा ड्राइव्हज अ रिक्षा.’ ‘माय आई मेक्स ट्वेंटी डबाज.’ आई, बाबा, डबा हे शब्द मी तसेच राहू दिले.

ॲपवर जास्त लिहिण्यासारखं नाही. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, चुकलेला शब्द पुन्हा म्हणायला लावतं. कुणी हसेल ही भीती नसल्याने लाजाळू मुलं मोकळेपणाने वाचतात, हा गुण खराच. पण वर्गाच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नाही, आणि घरी फोन असतो बाबांच्या खिशात, बाबा येणार रात्री नऊनंतर. बरोबर म्हटलेला शब्दही ते बरेचदा चूक ठरवतं, मग मूल हिरमुसतं. शेजारी मोठं माणूस बसणार असेल तर जरूर लावा. मुलाला गुंतवून ठेवायला म्हणून नको.

भिंतीवरच्या वेष्टनांचा फायदा पहिल्या दोन महिन्यांत चांगला झाला. बिस्किटाचे पुडे, दुधाच्या पिशव्या, साबणाची खोकी. मूल ज्याला आधीपासून ओळखतं ते वाचायला घाबरत नाही. दिवाळीनंतर तिकडे कुणी बघेनासं झालं. दर महिन्याला भिंत बदलणार असाल तरच करा.

पालकांची तक्रार येणार हे गृहीत धरा. ‘बाई, वहीत काहीच लिहिलेलं नाही, परीक्षेत काय लिहिणार?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमच्या मुलांचं स्पेलिंग बाजूच्या तुकडीपेक्षा अजूनही मागे आहे, ते मी लपवत नाही. नोव्हेंबरपासून रोज शेवटची दहा मिनिटं लिहायला ठेवली आहेत, आणि लिहायचं तेच जे आधी बोलून झालंय. वाक्यात ‘इज’ गळतो, ‘आय गो येस्टरडे’ असंही येतं. खेळाच्या मध्ये मी थांबवत नाही, फक्त उत्तर देताना बरोबर वाक्य वापरते. ‘ओह, यू वेंट येस्टरडे!’ काही जणांनी ते उचललं, काही उचलतील. पालकांना समजावत बसण्याऐवजी एका शनिवारी त्यांना ट्रेनचा खेळ बघायला बोलावलं. त्यानंतर वहीबद्दल विचारणारे तिघे-चौघेच उरले.

जूनमध्ये सुरू करणाऱ्यांसाठी माझा क्रम असा: पहिला महिना फक्त हालचाली आणि मराठीतून गोष्टी. पाऊस जोरात असतो, बरीच मुलं गैरहजर राहतात, अशा वेळी नवे ध्वनी घेऊ नका. जुलैअखेर सहा अक्षरं, ऑगस्टपासून इंग्रजी गोष्टी, ट्रेन गणपतीनंतर. पैसे खर्च करायचे असतील तर ते सगळे छपाईवर करा. पुस्तिका काळ्या-पांढऱ्या छापल्या तरी चालतात, मुलं रंगवतात आणि रंगवताना पुन्हा वाचतात. शिवताना स्टेपलरच्या पिनांवर मागून चिकटपट्टी लावायला विसरू नका, दप्तरात एकमेकांत अडकून पानं फाटतात.