इंजिन गाडीतून उतरलंच नव्हतं

जुनी फेरारी घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी, विशेषतः इकडे इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं. बारा वर्षं पैसे साठवून मी १९९७ ची एफ-३५५ घेतली आणि पहिल्याच मोठ्या सर्व्हिसिंगला ७,८०० पौंडांना फसलो.

या गाडीचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन सीटच्या मागे बसवलेलं असतं आणि दोन्ही टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारे रबरी पट्टे) केबिनच्या पत्र्याकडे तोंड करून असतात. तिथे काम करायला जागाच नाही. त्यामुळे बेल्ट बदलायचे तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची सबफ्रेम (त्यांना पेलणारा सांगाडा) असं सगळं धूड गाडीखालून उतरवावं लागतं. पुढच्या ३६० मॉडेलमध्ये सीटमागचं झाकण काढून हे काम होतं, एफ-४३० ला तर बेल्टऐवजी चेनच आहे. ३५५ वाल्यांची मात्र सुटका नाही. गाडी नुसती उभी असली तरी रबर वयानं थकतं, म्हणून तीन ते पाच वर्षांत बेल्ट बदलायचेच. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि या इंजिनात ४० व्हॉल्व्ह आहेत.

गॅरेज ओळखीतून मिळालं होतं. मालक अतिशय गोड बोलणारा, चहा पाजणारा. तीन आठवड्यांनी त्यानं फोनवर फोटो पाठवला: टेबलावर उतरवलेलं इंजिन. बिलात बेल्ट, टेन्शनरचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचे) बेअरिंग, सील आणि मजुरी असं सगळं ओळीनं लिहिलेलं. थेट बँकेतून पैसे भरले तर थोडी सूट देतो म्हणाला, मी भरले. जुने बेल्ट मी मागितले नाहीत. इंजिन खाली असताना एकदा जाऊन बघावं, हेही सुचलं नाही.

दहा महिन्यांनी गाडीखाली कूलंटचे थेंब दिसू लागले. या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. हा माणूस आयुष्यभर याच गाड्यांवर काम करत आलेला. इंजिन उतरवायच्या आधीच त्याचा फोन आला, "काही खोलण्याआधी तुम्ही इथे या." सबफ्रेमच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा गंज आणि रस्त्याची माती घट्ट बसलेली होती. त्यांना पाना लागल्याची एकही खूण नव्हती. त्यानं आधी सगळ्याचा व्हिडिओ काढला, मगच हात लावला. इंजिन खाली आल्यावर बेल्ट पाहिले. त्यांच्यावरची छपाई पार पुसून गेलेली, दातांच्या मुळाशी भेगा. टेन्शनरचं बेअरिंग हातानं फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं खरखरत होतं. आधीच्या गॅरेजनं ऑइल, फिल्टर आणि प्लग बदलले होते, वरची कव्हरं पुसून चकाचक केली होती. बाकी काही नाही.

मी तो फोटो त्याला दाखवला. त्यानं दोन सेकंदांत सांगितलं की हे इंजिन माझं नाहीच. सुरुवातीच्या ३५५ ना इंजिन नियंत्रणाची मोट्रॉनिक २.७ प्रणाली होती आणि हवा मोजणारे दोन मीटर होते. १९९६ पासून ५.२ आली आणि मीटर एकच राहिला. फोटोत दोन होते, माझ्या गाडीला एक आहे.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप येतो. त्या दहा महिन्यांत माझी मुलगी शेजारी बसायची. इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत गेलं की टाळ्या वाजवायची. मोटरवेच्या तिसऱ्या लेनमध्ये तो बेल्ट तुटला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही रात्री झोप उडवतो. त्या पहिल्या गॅरेजवाल्यानं केसानं गळा कापला.

आता पैशांचं सांगतो. क्रेडिट कार्डानं भरले असते तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टच्या कलम ७५ नुसार बँकेकडेही दाद मागता आली असती. १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या व्यवहारात बँकही गॅरेजइतकीच जबाबदार असते. थोड्या सुटीपायी ते संरक्षण मी गमावलं. रक्कम १०,००० पौंडांच्या आत असल्यानं स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमेच्या दाव्यांसाठीच्या कोर्टात) दावा लावलाय. गॅरेजचं उत्तर आलं: गाडी दुसऱ्यानं खोलली, त्यामुळे आधी आम्ही काय केलं होतं हे आता सांगता येणार नाही. त्यावर मी बोल्टांचा तो व्हिडिओ जोडलाय. सुनावणीची तारीख अजून मिळालेली नाही.