लेबलाखाली दुसरं लेबल निघालं

बंड्या हा आमचा कॉकर स्पॅनियल. कान एवढे लांब की पाणी प्यायला वाकला की जिभेच्या आधी कान भांड्यात जातात. अशा लोंबत्या, केसाळ कानांत हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि या जातीला कानाचं दुखणं तसंही जरा जास्तच. हे सगळं मला माहीत होतं. त्यामुळे अडाणी होतो म्हणून फसलो, असं म्हणायचीही सोय नाही.

वर्षभरापूर्वी त्याचा डावा कान बिघडला होता. डॉक्टर मॅडमनी कानातला मळ काडीवर घेतला, काचेच्या पट्टीवर फिरवला, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. मलाही पाहायला लावलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधे चिमटलेले जांभळे ठिपके होते. ‘हे यीस्ट, म्हणजे एक बुरशीच, मॅलेसेझिया,’ असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले आणि कान बरा झाला. पुन्हा झालंच तर नाव हाताशी असावं म्हणून रिकामी बाटली मी जपून ठेवली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

या वेळी परत तोच कान. डोकं झटकणं, मागच्या पायाने खाजवणं, सतरंजीवर कान घासत जाणं. वास मात्र वेगळा होता, कुजकट. पण मी नाक मुरडलं आणि तो विचार तिथेच सोडून दिला. मॅडमची वेळ चार दिवसांनंतरची मिळत होती. रात्री फोनवर बाटलीवरचं नाव शोधलं आणि ती जाहिरात समोर आली. तेच औषध, निम्म्या किमतीत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, घरपोच.

मेसेज केला. पलीकडच्या माणसाने स्वतःची ओळख ‘पेट एक्स्पर्ट’ अशी करून दिली आणि कानाचा फोटो मागवला. मी कान उलटा धरून फोटो काढला, पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘सर, फंगसच आहे. रोज दोनदा पाच थेंब, दहा दिवसांत क्लिअर.’

आता तो फोटो बघितला की माझं मलाच हसू येतं, पण ते चांगलं हसू नव्हे. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे. फोटोत दिसते ती फक्त पाळी आणि वरचं तोंड. म्हणजे घराच्या दाराचा फोटो पाहून आतल्या खोलीत कोण बसलंय ते सांगण्याची ही करामत. आणि ज्या प्रश्नावर खरं तर सगळं अवलंबून असतं, म्हणजे पडदा शाबूत आहे का, तो त्याने विचारलाच नाही. मलाही सुचला नाही.

पार्सल आलं. खोकं चकचकीत, त्यावर ‘अँटिबायोटिक, अँटिफंगल, स्टेरॉइड, तिन्ही एकात’. आत पांढरी बाटली. आधीच्या बाटलीतलं औषध तेलकट, दाट होतं, वापरण्याआधी हलवून घ्यावं लागायचं. हे पाण्यासारखं पातळ. विचारलं तर म्हणाला, ‘नवीन फॉर्म्युला आहे सर, लवकर शोषला जातो.’ खोक्यावर बॅच नंबर होता, बाटलीवर नव्हता. लेबलचा एक कोपरा सुटला होता, तो मी अंगठ्याने दाबून परत चिकटवला. हो, मीच.

पहिले तीन दिवस जादूच झाली. खाज थांबली, लाली उतरली, बंड्या रात्रभर झोपला. मी इतका खूश झालो की त्या पानावर पाच तारे दिले आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या वाचून किती जणांनी बाटली मागवली असेल कोण जाणे.

सहाव्या दिवशी हिरवट पिवळा पू यायला लागला. विक्रेता म्हणाला, ‘आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे,’ आणि लगेच कान धुण्याचं एक द्रावण सुचवलं, ‘दोन्ही मिळून कोर्स पूर्ण होतो’. तेही मी मागवलं. थेंब पाचाचे आठ करायला सांगितले, मी आठ केले. नवव्या दिवशी सकाळी बंड्या उठला तो मान डावीकडे तिरकी धरून. चार पावलं चालला आणि भिंतीवर कलंडला. डोळ्यांची बुबुळं एका लयीत बाजूला सरकत होती, झटक्यात परत येत होती. त्याच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं.

मॅडमनी वेळबिळ काही न बघता आत घेतलं. पट्टीवर या वेळी शेंगा नव्हत्या, बारीक काड्या होत्या, ढिगाने. काड्यांच्या आकाराचे बॅक्टेरिया आणि असला पू म्हटल्यावर त्यांना स्यूडोमोनासचा संशय आला, पुढे कल्चरमध्ये, म्हणजे पूमधले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, तोच निघाला. कानात बघायला मात्र आधी भूल द्यावी लागली, इतकं दुखत होतं. पडदा फाटलेला होता.

मग त्यांनी बाटली मागितली. सुटलेला कोपरा त्यांना लगेच दिसला. स्पिरिटचा बोळा त्यावर धरला, नखाने हळूच सोललं. खाली दुसरं लेबल. माणसांच्या डोळ्याकानाचे थेंब, निओमायसिन हे अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन, मुदत संपून 11 महिने झालेले. बुरशीचं औषध त्यात नावालाही नव्हतं. मी खुर्चीत बसून ती दोन लेबलं बघत राहिलो.

‘मग तीन दिवस बरं कसं वाटलं?’ हा माझा पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, ‘डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. सूज, लाली, खाज ते दाबतं. कुत्रा शांत होतो, तुम्हीही शांत होता. आत जंतू मात्र वाढत असतात.’ निओमायसिनची स्यूडोमोनासवर सहसा मात्रा चालत नाही. आणि पडदा फाटलेला असेल तर ते थेट आत उतरून ऐकण्याला आणि तोलाला इजा करू शकतं, म्हणून अशा कानात ते टाळतात. बंड्याच्या बाबतीत जबाबदार थेंब की आत शिरलेला संसर्ग, हे खात्रीने सांगता येणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला त्यातल्या त्यात बरं वाटावं म्हणून असेल.

पुढचं थोडक्यात. भुलेतच सलाइनने कान धुतला, कल्चरच्या अहवालाप्रमाणे औषधं बदलली, दर आठवड्याला कानातला मळ काचेच्या पट्टीवर घेऊन तपासला. खाज कधीच थांबली होती तरी पट्टीवर काड्या दिसत होत्या, म्हणून औषध चालूच ठेवलं. सहा आठवडे लागले. मान सरळ झाली. डाव्या कानाने मात्र त्याला ऐकू येत नाही. हाक कुठूनही मारली तरी तो उजवीकडेच बघतो. आणि कान पुन्हा पुन्हा का बिघडतो, याच्या मुळाशी ॲलर्जी असावी असं दिसतंय, त्याची तपासणी आता चालू आहे. थेंब बदलत बसून ती सापडली नसती.

पैसे? दोन बाटल्या, भूल, कल्चर, औषधं. वाचवायला गेलो त्याच्या कितीतरी पट गेले. खरं तर मॅडमना सरळ विचारलं असतं की यात स्वस्तातला पर्याय आहे का, तर त्यांनी सांगितला असता. नंतर विचारलं तेव्हा सांगितलाच. आधी विचारायची लाज वाटली, अनोळखी माणसाला कानाचा फोटो पाठवायची वाटली नाही.

तुमच्याकडे अशी बाटली आली असेल तर थेंब टाकायच्या आधी खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर, मुदत जुळवून बघा. लेबलाच्या कडेवरून नख फिरवा, जाडी दुहेरी लागते का ते कळतं. मान तिरकी, तोल जाणं, हाकेला उत्तर न देणं यातलं काहीही दिसलं तर थेंब तिथल्या तिथे बंद करा आणि बाटली घेऊन डॉक्टर गाठा. फेकून देऊ नका, आत काय होतं हे त्यांना त्यावरूनच कळेल. घरात उरलेले जुने थेंबही डॉक्टरांना न विचारता कानात घालू नका. मागचं दुखणं आणि आताचं दुखणं एकाच कानात असलं तरी एकच असेल असं नाही.

विक्रेत्याला दोन्ही लेबलांचे फोटो पाठवले. निळ्या खुणा उमटल्या आणि मी ब्लॉक झालो. जाहिरातीची तक्रार केली, माझे पाच तारे काढून टाकले, पान गायब झालं. आठवड्याने त्याच लांब कानाच्या कुत्र्याचा तोच फोटो दुसऱ्या नावाखाली दिसला. मजकूर जसाच्या तसा देतो, ओळखायला बरा: ‘चिठ्ठीची गरज नाही. फक्त कानाचा फोटो पाठवा. तीन दिवसांत फरक.’