रोजची सॅक: स्वस्त घ्यावी की महाग?

गेल्या नऊ वर्षांत तीन स्वस्त सॅक वापरून झाल्या आणि आता एक महाग वापरतोय. महाग म्हणजे आधीच्यांच्या साधारण तिप्पट किमतीची. तिला चौथं वर्ष लागलंय, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही. पण स्वस्त घेणारा चुकतोच, असंही मला वाटत नाही.

आपण दुकानात आधी कापड चाचपतो. माझ्या अनुभवात कापडाने फारसा फरक पडला नाही. कापडाचा धागा किती जाड, हे डेनिअरमध्ये सांगतात; डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनिअरचं पॉलिस्टर माझ्या स्वस्त सॅकलाही होतं आणि महाग सॅकलाही आहे. पहिली स्वस्त सॅक अजून माळ्यावर आहे, तिचं कापड आजही धडधाकट आहे. कप्पे, खिसे, बाटलीची जाळी यांतही उन्नीसबीसच.

फरक पडला तो चेनने.

चेन एकदम तुटली असती तर गोष्ट वेगळी. ती हळूहळू दगा देते. रनरच्या, म्हणजे चेनवर पुढेमागे सरकणाऱ्या तुकड्याच्या, आतल्या बाजू दोन्हीकडचे दात एकमेकांत दाबून बसवतात. रोजच्या उघडझाकीने त्या झिजतात, रनरचा जबडा थोडा फाकतो आणि दाब कमी पडायला लागतो. मग रनर पुढे सरकतो, पण मागे चेन उघडीच राहते. सुरुवात वळणावर होते, जिथे चेन वरून बाजूला उतरते. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. दुसऱ्या सॅकच्या वेळी पावसात जिना चढत होतो, दोन्ही हातांत सामान, आणि पाठीमागून कागद घसरत पायरीवर पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर चेन टोकापर्यंत लावलेली आणि मध्ये वीतभर उघडी. त्यातले दोन कागद पुन्हा मिळवायला मला महिना लागला.

पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या की चेन पुन्हा लागते. माझ्याकडे हा उपाय दर वेळी पंधरा-वीस दिवस टिकला. दाब जरा जास्त झाला की रनरच तडकतो. नवीन रनर बसवून घेणं त्याहून बरं. तिसऱ्या सॅकला मी तसा बसवला आणि ती आणखी आठ महिने चालली. ज्यांना आत्ता जास्त पैसे घालायचे नाहीत त्यांनी हा मार्ग जरूर धरावा, मात्र रनर त्याच नंबरचा हवा. नंबर बहुतेक वेळा रनरच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो: ३, ५, ८, १०. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. माझ्या स्वस्त सॅकना मुख्य कप्प्यालाही ५ नंबर होता, आताच्या सॅकला ८ आहे. रनरवर चेन बनवणाऱ्याचं नावही सापडतं. १९३४ पासूनच्या वायकेके या जपानी कंपनीचं नाव दिसलं की मला बरं वाटतं, पण त्या नावाच्या नकलाही निघतात, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

महाग सॅकची बाजू सगळीच उजवी नाही. रिकामी असतानाही ती जड आहे. आणि पाणी अडवायला कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत चिकट होऊन सुटतो, तो हिचाही एका कोपऱ्यात सुटायला लागलाय. त्यामुळे ‘एकदा घ्या, जन्मभर वापरा’ हे मला पटत नाही. वर्षातून दोनदा प्रवासाला लागणारी सॅक असेल, किंवा मूल दोन वर्षांत मोठी मागणार असेल, तर स्वस्तच बरी.

या अनुभवानंतर इतर खरेदीतही मी हेच बघायला लागलो: वस्तू कुठे वाकते, कुठे घासते, कुठे उघडमीट होते? छत्रीच्या काड्यांचे सांधे, चार्जरच्या वायरची मान, खुर्चीची चाकं. तिथे मी हात आखडत नाही. कचऱ्याचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीमागे एकदा खोचून विसरायची हातभर एचडीएमआय केबल, यांच्यावर जास्त खर्च करावासा मला कधी वाटला नाही.

दुकानात सॅक रिकामी बघू नका. आत काहीतरी कोंबा, अगदी अंगातलं जॅकेट काढून कोंबलंत तरी चालेल, आणि चेन एका हाताने वळणावरून ओढा. अडली किंवा मागे फाकली तर ती सॅक, किंमत काहीही असो, मी तरी घेणार नाही. माझी आज सकाळीही एका हाताने बंद झाली, लॅपटॉप, रेनकोट आणि दोन फायली आत असताना.